चावीचं कवर बदलल्यावर गाडी चालू का होत नाही?

मे महिन्यात औशाजवळच्या आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, दारं उघडायलेत, चावी फिरायली, पण गाडी चालूच होईना गेली."

आदल्या दिवशी तो मोटारसायकलवर लातूरला गेला होता, सोयाबीनचं बियाणं बघायला. जाताना कारची चावी सोबत घेतली, कारण तिचं प्लास्टिक कडेनं फुटलं होतं आणि बटणांचं रबर फाटून आतली पट्टी उघडी पडली होती. गंजगोलाईच्या परिसरात एका टपरीवर त्यानं नवं कवर टाकून घेतलं. खटका दाबला की पातं बाहेर येणारं, फोल्डिंगचं. घरी येऊन बटण दाबलं, दारं उघडली, इंडिकेटर लुकलुकले. काम झालं म्हणून तो झोपला. सकाळी सेल्फ मारला तर इंजिन क्षणभर चालून बंद. परत मारला, परत तेच. मीटरवर चावीच्या चित्राचा दिवा भराभर उघडझाप करत होता. गावातल्या मेकॅनिकनं आधी बॅटरीवर संशय घेतला, मग डिझेलच्या फिल्टरवर.

मी एवढंच विचारलं, "जुनं कवर कुठंय?"

"ते तिथंच टाकून दिलं की त्यानं."

बिघाड गाडीत नव्हताच. कलिंगडाच्या काळ्या बीएवढी एक चिप जुन्या कवरात चिकटलेली राहिली होती, आणि ते कवर टपरीच्या कचऱ्याच्या डब्यात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच लातूरला पोचला. डबा अजून रिकामा झाला नव्हता, हे नशीब.

हा घोटाळा मी ओळखीपाळखीत बऱ्याचदा पाहिलाय. याच्या उलटंही पाहिलंय. आतलं सगळं धडधाकट असताना नुसतं कवर फुटलं म्हणून लोकांनी हजारो रुपये मोजून नवी चावी बनवून घेतली आहे. आपल्याकडच्या उन्हात, डॅशबोर्डवर तापलेल्या आणि खिशात चुना-तंबाखूच्या पुडीशेजारी राहिलेल्या चावीचं रबर लवकर चिकट होतं, फाटतं. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक गाडीवाल्यापुढे येणारच. चावीच्या पोटात काय असतं ते एकदा कळलं, की या दोन्ही चुका टळतात.

## एका घरात चार भाडेकरू

चावी आपल्याला एकच वस्तू दिसते. खरं तर कवर हे घर आहे आणि त्यात चार भाडेकरू राहतात.

पहिलं पातं, म्हणजे कुलपात जाणारा लोखंडी भाग. दुसरी रिमोटची पट्टी, म्हणजे बटणांखालचं हिरवं किंवा काळं सर्किट. तिसरा तिचा गोल सेल. आणि चौथी ती चिप. तिचं पूर्ण नाव ट्रान्सपॉन्डर, पण चावीवाल्यांकडे सगळे नुसतं चिपच म्हणतात.

या चौघांची कामं वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांवर अवलंबून नाहीत. पातं स्टिअरिंगचं कुलूप फिरवतं. रिमोट दारं उघडतो, लावतो. सेल फक्त रिमोटला वीज देतो. गाडी चालू होऊ द्यायची की नाही, हे चिपवर ठरतं. म्हणूनच भावाची दारं उघडत होती, चावी फिरत होती आणि इंजिन मात्र थांबत होतं. तीन भाडेकरू नव्या घरात आले होते, चौथा मागच्या खोलीत झोपलेलाच राहिला.

घराची भिंत पडली म्हणून माणसं बदलायची नसतात. ती जपून बाहेर काढायची आणि दुसऱ्या घरात न्यायची. कवर बदलणं म्हणजे एवढंच. फक्त निघताना डोकी मोजून घ्यायची.

## चिपला सेल लागत नाही, मग ती बोलते कशी?

घरात इंडक्शनची शेगडी असेल तर उत्तर तुमच्या ओट्यावरच आहे. शेगडी आणि भांडं यांच्यात वायर नसते. शेगडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं आणि वर ठेवलेल्या भांड्यात वीज खेळू लागते. भांडं बाजूला केलं की खेळ संपला.

गाडीत चावी घालतो त्या भोकाभोवती असंच तारेचं वेटोळं असतं. चावी 'ऑन'वर फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र निघतं. चिपच्या पोटातही बारीक वेटोळं असतं, त्यात त्या क्षेत्रामुळे थोडीशी वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप जागी होऊन उत्तर देते. सेल मेलेल्या चावीनंही गाडी चालू होते ती यामुळेच.

उत्तर कसलं? गाडीतला राखणदार विचारतो, "कोण?" या राखणदाराला इमोबिलायझर म्हणतात. जुन्या पद्धतीच्या चिपा आपला ठरलेला नंबर सांगून मोकळ्या होतात. नंतरच्या चिपा जास्त हुशार आहेत. राखणदार दर वेळी नवा आकडा देतो, आणि चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्यानं त्याचा हिशेब करून उत्तर परत पाठवते. तोच हिशेब गाडीनंही केलेला असतो. दोन्ही उत्तरं जुळली तर इंजिन चालू राहतं. नाही जुळली, किंवा उत्तरच आलं नाही, तर काही गाड्या सेल्फच मारू देत नाहीत आणि काही एक-दोन सेकंद चालून गप्प होतात.

ही राखणदारी मोटारचोऱ्यांमुळे आली. जर्मनी आणि ब्रिटन या दोन्ही देशांत १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये.

इथे एक बारकावा आहे, आणि फोल्डिंगचं कवर घेणाऱ्यांनी तो नीट वाचावा. शेगडीवरून भांडं वर उचललं की ते तापायचं थांबतं, तसंच चिपचं आहे. साध्या चावीत ती पात्याच्या मुळाशी, म्हणजे कुलपाच्या अगदी जवळ बसलेली असते. नव्या लांबलचक कवरात ती शेपटाकडे सरकली तर अंतर दोन-तीन सेंटिमीटरनं वाढतं. मग गाडी कधी चालू होते, कधी होत नाही, आणि आपण वायरिंग तपासत बसतो. कवर बदलल्यावर असा लहरीपणा सुरू झाला तर आधी चिपची जागा पाहा. एकाच कड्यात दोन चिपवाल्या चाव्या अडकवल्या तरी असं होऊ शकतं. दोघी एकदम बोलतात आणि राखणदाराला एकीचंही धड ऐकू येत नाही.

## "सेल काढला तर कोड उडेल ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर सहसा नाही असंच आहे.

रिमोटचा गुप्त आकडा ज्या स्मृतीत असतो, ती विजेवाचून टिकते. मोबाइल बंद केला म्हणून त्यातले फोटो जात नाहीत, तसंच. काही गाड्यांत सेल बदलल्यावर रिमोट पुन्हा जुळवावा लागतो, म्हणजे चावी 'ऑन' करून बटण दाबायचं किंवा असंच काहीतरी. ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चिपचा तर सेलशी संबंधच नाही.

कोड 'उडाला' असं वाटण्याचं खरं कारण वेगळं असतं. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो. एसटीच्या कंडक्टरनं एकदा फाडलेलं तिकीट दुसऱ्या फेरीला चालत नाही, तसा वापरलेला कोड गाडी परत घेत नाही. कोणी हवेतून तो टिपून ठेवला तरी तो शिळा झालेला असतो. ही कल्पना वापरणारी कीलॉक नावाची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीनं ती विकत घेतली.

आता समजा, गाडीपासून दूर असताना खिशात बटण दाबलं गेलं. रिमोटचा आकडा पुढे गेला, गाडीचा तिथंच राहिला. कीलॉकमध्ये गाडी पुढच्या १६ आकड्यांपर्यंत मुकाट्यानं मान्य करते. त्यापलीकडे, सुमारे ३२ हजारांपर्यंत, ती एकामागून एक असे दोन कोड मागते. म्हणून पहिल्या दाबाला काही झालं नाही तर लगेच दुसऱ्यांदा दाबून बघायचं. पुष्कळदा दुसऱ्याला दार उघडतं.

याचा कवरशी थेट संबंध आहे. स्वस्त कवरांत बटणांच्या आतल्या बाजूचे उंचवटे कधीकधी गरजेपेक्षा उंच असतात. कवर बंद केलं की आतला स्विच अर्धा दाबलेलाच राहतो. मग पावलागणिक खिशात बटण वाजत राहतं, आणि पूर्णच दाबलेलं राहिलं तर सेल पाहता पाहता संपतो. नवं कवर बंद केल्यावर प्रत्येक बटण हलकेच दाबून 'टक्' असा आवाज येतो का ते ऐका. दाबल्यावर एकदा आला पाहिजे, न दाबता कधीच नाही.

## जुनं कवर उघडताना

घाई इथेच नडते. कामाला बसताना खाली पांढरा कपडा पसरा, म्हणजे पडलेलं दिसेल.

काही कवरं मागच्या फटीत नाणं फिरवलं की उघडतात. काहींत कंपनीच्या चिन्हाखाली किंवा सेलखाली एक बारीक स्क्रू असतो. काही कारखान्यातच प्लास्टिक वितळवून कायमची जोडलेली असतात, ती कडेनं हळूहळू कापावी लागतात. अशा वेळी ब्लेडचं टोक आत दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका.

पट्टी बाहेर काढताना सोन्यासारखी कडेनं धरायची. मग सेल. सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप असतं. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ म्हणजे तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही तीन व्होल्टचेच, म्हणून दुकानदार एकाऐवजी दुसरा देतो. पातळ सेल जाड घरात हलतो, आणि चावी जरा आपटली की रिमोट बंद पडतो. मल्टीमीटर असेल तर लावून पाहा. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो.

काढलेला सेल लगेच बाजूला ठेवा, घरात लहान लेकरू असेल तर खिशातच ठेवा. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. हा चकचकीत सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आता चिप. तिचे तीन प्रकार भेटतात. काळी, बीसारखी, कवरातल्या छोट्या खाचेत बसवलेली. काचेची बारीक कुपी, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसणारी. किंवा पट्टीवरच जोडलेली, म्हणजे वेगळी शोधायलाच नको. पट्टीवर आहे की नाही हे चावीवाल्यालाही कधीकधी नुसतं बघून कळत नाही, म्हणून एक साधी परीक्षा करा. जुनं कवर, त्याचे तुकडे, पातं, सगळं गाडीपासून लांब ठेवा. फक्त पट्टी कुलपाच्या भोकाला चिकटवून धरा आणि याच कुलपासाठी कापलेल्या, चिप नसलेल्या दुसऱ्या पात्यानं गाडी चालू करून बघा (गाडीची दुसरी चावी नको, तिच्यात तिची चिप असते). चालू झाली आणि चालू राहिली, तर चिप पट्टीवरच आहे. नाही झाली, तर ती जुन्या कवरात आहे. सापडेपर्यंत एक तुकडाही टाकायचा नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या. मराठवाड्यात त्या काळातल्या अशा गाड्या अजून दिसतात. त्यांच्या जुन्या फोल्डिंग चावीचे दोन भाग सुटे होतात, आणि चिप रिमोटच्या भागात नसून पात्याच्या बाजूच्या भागात असते. त्यामुळे 'रिमोट काढला, आता उरलेलं टाकून द्या' हा सल्ला त्या चावीला घातक आहे.

काचेची कुपी चिमट्यानं दाबायची नाही, ती फुटते. काळी बी डिंकानं पक्की बसली असेल तर तिला उचकटण्यापेक्षा तिच्या भोवतीचं प्लास्टिक कापून तेवढा तुकडाच वेगळा करा. नव्या खाचेत बसवताना गोंदाचा एक ठिपका पुरे. सैल राहिली तर खुळखुळते आणि जागा सोडते.

पातं राहिलं. फोल्डिंग चावीत ते एका बारीक पिनेनं अडकवलेलं असतं, ती ठोकून बाहेर काढावी लागते. खाली टणक आधार हवा, नाहीतर कवर दुभंगतं. नव्या कवरासोबत कोरं पातं येतं, पण माझं मत विचाराल तर शक्यतो जुनंच बसवा. कोऱ्या पात्याचा धातू कधीकधी मऊ असतो, आणि झिजलेल्या पात्यावरून नवं कापलं तर ती झीजही तशीच उतरते. नवं कापायचंच असेल तर गाडी घेताना चाव्यांसोबत मिळालेलं नंबराचं छोटं लेबल शोधा. त्या नंबरावरून पातं मूळ मापानं कापता येतं.

## नवं कवर घेताना काय जुळवायचं

फक्त गाडीचं नाव सांगून कवर मागवू नका. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सालांत वेगवेगळ्या चाव्या आल्या आहेत. जुनी चावी उघडून पट्टीचा फोटो काढा आणि बटणं किती, सेल कुठल्या बाजूला, स्क्रूची भोकं कुठे, पात्याचा घाट कसा, एवढं ताडून पाहा. चिपसाठी खाच आहे का, हेही पाहा. पुष्कळ कवरांत ती नसतेच.

धातूची कवरं हातात भारदस्त लागतात. पण धातू रेडिओच्या लहरी अडवतो. आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि अशा कवरात गेल्यावर त्यांचा पल्ला घटतो. मी साधं प्लास्टिकच घेतो.

## "कवर बदललं तरी बटण चालत नाही"

तर मग कवर गुन्हेगार नव्हतंच. खरं तर ही तपासणी कवर विकत घेण्याच्या आधी करायची असते. चावी उघडा, सेल जागेवर दाबून धरा आणि आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं पट्टीवरचा स्विच थेट दाबा. दार उघडलं तर दोष रबराचा आहे आणि नव्या कवरानं काम भागेल. नाही उघडलं, तर आधी नवा सेल घालून बघा. त्यानंही नाही झालं तर स्विच झिजलाय किंवा त्याचं डाग दिलेलं टोक सुटलंय. असा स्विच इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा कोणीही बदलून देतो, त्यासाठी नवी चावी लागत नाही.

सेलचे पत्रे हिरवट झाले असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसा. पूर्ण वाळू द्या, मगच सेल घाला.

## "चावीवाल्यानं कॉपी करून ठेवली तर?"

भीती रास्त आहे. ठरलेला नंबर सांगणाऱ्या जुन्या चिपांची नक्कल सहज निघते. हिशेब करणाऱ्या चिपा अवघड आहेत, पण त्याही अभेद्य नाहीत. मेगामॉस नावाच्या चिपमधली कमजोरी तीन संशोधकांनी शोधली, तेव्हा २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं तो निबंध छापायला मनाई केली होती. शेवटी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

कवर बदलायला मात्र कुठलंही मशिन लागत नाही, संगणक लागत नाही, आणि गाडी तर मुळीच लागत नाही. त्यामुळे काम तुमच्या डोळ्यांसमोर, दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं. चावी ठेवून चहा प्यायला जाऊ नका. 'संध्याकाळी या' असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा. आणि शक्य असेल तर गाडी घेऊनच जा. गाडी तिथंच चालू करून, दोन मिनिटं चालू ठेवून मगच पैसे द्यायचे. भाऊ मोटारसायकलऐवजी कारनं गेला असता तर चुकलेली चिप जागच्या जागी सापडली असती.

## बटणानं चालू होणारी गाडी

खिशात चावी ठेवून बटणावर चालू होणाऱ्या गाडीतही कवर असंच बदलता येतं. तिथे चिप सहसा पट्टीवरच असते, म्हणून ती हरवण्याची भीती कमी. सेल संपला तरी चावी बटणाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली की गाडी चालू होते, आणि दारासाठी कवरातच एक पातं लपवलेलं असतं. नव्या कवरात ते पातं घालायला विसरू नका. सेल संपल्याशिवाय त्याची आठवण होत नाही.

## विमा कंपनीला काय सांगायचं?

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. एक चावी कमी असेल तर चौकशी लांबते. कवर बाहेरचं असलं तरी आतली पट्टी, चिप आणि पातं मूळ असेल तर ती चावी मूळच आहे, आणि हे दाखवायला पुरावा जवळ हवा. म्हणून जुन्या कवराचे तुकडे आणि कामाची पावती एका पाकिटात घालून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. तुमची चिप गेलीच असेल आणि नवी जोडून घेतली असेल, तर तेही कंपनीला वेळेवर लेखी कळवा.

भावाच्या घरी आम्ही हे पाकीट भरताना कपाटातली दुसरी चावी बाहेर काढली. गाडी घेतल्यापासून ती एकदाही वापरली नव्हती, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. तिचा सेल पार संपला होता, बटणाला दार उघडेना. पातं घालून फिरवलं तर पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली, आणि चालूच राहिली.